बिजली हळू चालते, नवाब पोट फुगवतो

सुटी जवळ आली की घरोघरी पहिला वाद होतो कुठे जायचं यावर, आणि दुसरा, तिथे जाऊन मुलं दिवसभर करणार काय यावर. समुद्रावर गेलं तर दोन तासांत अंगभर वाळू आणि रडारड. देवदर्शनाला गेलं तर मुलं कंटाळतात. चांगल्या हॉटेलात गेलं तर जो तो आपापला मोबाइल घेऊन कोपऱ्यात. आमच्या घरी गेली पाच वर्षं हा वाद झालेला नाही. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला की आम्ही पाचजण माथेरानला जातो आणि दोन दिवस घोड्यांवर बसून रानवाटा हिंडतो.

"घोड्यावर? आणि सासूबाईंना घेऊन?" असं माझ्या शेजारणीनेही विचारलं होतं. हो, सासूबाईंना घेऊनच! किंबहुना त्यांच्या गुडघ्यांमुळेच आम्ही घोड्यांपर्यंत पोचलो.

माथेरान तुम्हाला ठाऊक असेलच. माथ्यावरचं रान ते माथेरान. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब इथे चढून आले आणि मुंबईच्या लोकांना हवा खायला एक डोंगर मिळाला. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून वर येणारी छोटी गाडी सुरू केली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. इथे खासगी मोटारींना मज्जाव आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्याला ठेवायची आणि पुढे अडीच-तीन किलोमीटर पायी, छोट्या आगगाडीच्या शटलने किंवा घोड्यावर. २००३ पासून हा सगळा भाग पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून राखलेला आहे. अलीकडे ई-रिक्षा आल्या आहेत, नाही असं नाही. पण आत रानात, पॉइंटांकडे जाणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटांवर अजून घोडा तो घोडाच.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते २०२१ मध्ये. २०१९ च्या पावसाने नेरळची गाडी बंद पडलेली होती, ती २०२२ च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. म्हणून आम्ही नेरळहून टॅक्सीने वर आलो. दस्तुरीला सासूबाईंसाठी हातरिक्षा बघावी असं आमच्या ह्यांचं मत. सासूबाईंनी ती एकदा पाहिली, ओढणाऱ्या माणसाच्या घामेजल्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माणसानं माणसाला ओढायचं? मला नाही बाई बसवणार." (२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, तेव्हा सासूबाईंचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. जणू यांच्याच सांगण्यावरून!) चालणं तर शक्य नव्हतं. तेवढ्यात एक वयस्क घोडेवाले पुढे आले आणि म्हणाले, "आजी, माझी राणी बघा. पाळण्यात बसल्यासारखं वाटेल."

त्या घोडेवाल्यांना आम्ही आता मामा म्हणतो. पहिल्याच दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. आपण जातो आणि उंच, चमकदार, रंगीत गोंडे लावलेला घोडा बघून बोट दाखवतो. मामा म्हणाले, "वहिनी, रंग बघू नका, स्वभाव विचारा. सोयरीक जुळवताना विचारता तसा."

आता आमच्या सोयरिकी ऐका.

राणी अबलख, म्हणजे पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, वयाने बरीच. पायाखाली दगड आला की ती थांबते, मान खाली घालून त्याचा वास घेते आणि मगच पाऊल टाकते. चढावर घाई नाही, उतारावर तर त्याहून नाही. तिची आणखी एक रीत आहे. वळणावर पोचली की ती उभी राहते आणि मागचे सगळे दिसल्याखेरीज पुढे जात नाही. टाच मारा, लगाम ओढा, ढिम्म! सासूबाई म्हणाल्या, "ही तर आमच्या थोरल्या जाऊबाई. पंगतीत शेवटचं पान वाढल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत." तेव्हापासून राणीला घरी 'थोरल्या' हेच नाव पडलं आहे. सासूबाई अठ्ठेचाळीस किलोच्या, त्यामुळे राणीचीही तक्रार नाही. चढताना मात्र मामा तिला दगडी कट्ट्याला लावून उभी करतात, म्हणजे गुडघा फार वाकवावा लागत नाही. तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांची हाडं ठिसूळ असतील किंवा पाठीचं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत करू नका, बरं का.

नवाब आमच्या ह्यांचा. उंचापुरा, तांबूस, कपाळावर पांढरा टिळा. चालण्यात असा रुबाब, की वाटावं आत्ता सरदार वाड्यावर निघालाय. पण भारी लबाड! मामा खोगिराचा तंग आवळायला लागले की हा छातीत हवा भरून पोट फुगवतो. तंग घट्ट झाला असं वाटतं, मामा दूर होतात, हा हळूच श्वास सोडतो आणि तंग ढिला. तसंच कुणी बसलं तर खोगीर एका बाजूला सरकणार. म्हणून मामा त्याला शंभर पावलं चालवतात आणि पुन्हा एकदा तंग ओढतात. तेव्हा नवाबाचा चेहरा अगदी चोरी पकडली गेल्यासारखा होतो. ही खोड पुष्कळ घोड्यांना असते, तेव्हा निघाल्यावर थोड्या अंतराने थांबून तंग पुन्हा तपासायला घोडेवाल्याला जरूर सांगा.

नवाब आम्ही घेतला त्याला आणखी एक कारण होतं. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंतच ओझं वाहावं असा सर्वसाधारण हिशेब आहे. आपल्याकडची तट्टं लहान चणीची. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला पन्नास-साठ किलोचं माणूस पुष्कळ झालं, आणि त्यात खोगीरही आलं. आमचे हे ब्याऐंशी किलो! मामांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "साहेब, चढ आला की तुम्ही उतरायचं." तेव्हापासून हे चढावर नवाबाच्या शेजारून चालतात. दोघेही धापा टाकत असतात; अधिक कोण हे मी सांगत नाही.

बिजली धाकट्याची. नावावर जाऊ नका. सगळ्या ताफ्यात तिच्याइतकं हळू कुणी चालत नाही. दर दहा पावलांना हिरवं पान दिसतं आणि मान तिकडे वळते. पहिल्या वर्षी धाकटा पाच वर्षांचा होता; मामांचा पुतण्या दोरी धरून बाजूने चालायचा. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि बिजलीशी अखंड बोलतो. शेकरू दिसलं, जांभळीच्या झाडाखाली माकड बसलंय, पुढे उतार आहे, सगळं तिला सांगतो. ती एक कान मागे करून ऐकते. खरंच ऐकते! घोड्याचे कान हे त्याच्या मनाचं घड्याळ आहे. पुढे उभारलेले असले तर त्याला पुढचं काही दिसलंय. एक कान मागे वळला तर लक्ष तुमच्याकडे. दोन्ही कान मागे मानेला चिकटवले की मात्र समजा, स्वारी रागावली. हात लांब ठेवा. मुलांना हे एकदा समजावून दिलं की निम्मी काळजी मिटते.

माझ्या वाट्याला दरवर्षी जो मोकळा असेल तो घोडा येतो. घरातही शेवटची पोळी कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको.

राहिला काळू, आणि आमची थोरली. हिच्याविषयी थोडं सविस्तर लिहावं लागेल.

थोरली मुळातच बुजरी. शाळेत उत्तर येत असलं तरी हात वर करणार नाही. दुकानात सुटे पैसे कमी मिळाले तरी गप्प घरी येणार. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, वर्गात अशी मुलं रोज पाहते, तरी आपल्या घरात असलं की जीव तुटतोच. पहिल्या वर्षी, आठ वर्षांची असताना, ती घोड्यावर बसायलाच तयार नव्हती. राणीच्या पाठीवर कशीबशी दहा मिनिटं बसली, डोळे मिटून. मग उतरून आमच्याबरोबर चालत राहिली.

काळू तिथेच खुंटाला होता. रंगाने काळाभोर, अंगाने बारीक. वाऱ्याने प्लॅस्टिकची पिशवी उडाली की दोन पावलं मागे सरायचा. छत्री उघडली की अंग चोरायचा. थोरली त्याच्याकडे बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "आई, हा पण घाबरतो."

दुसऱ्या वर्षी तिने काळूवरच बसायचं म्हटलं. मामांनी साफ नाही म्हटलं, आणि ते मला फार पटलं. भित्रं मूल आणि बुजरा घोडा ही जोडी रानवाटेवर नको. एकाची भीती दुसऱ्याला लागते. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याच्या पाठीवरचं माणूस आखडलं, श्वास धरला, की त्याला वाटतं जवळपास काहीतरी धोका आहे. पण मामांनी तिला हिरमुसलंही केलं नाही. त्यांनी काळूची दोरी तिच्या हातात दिली आणि स्वतः पलीकडून धरून चालले. "बस नको, चालव," म्हणाले.

त्या दोन दिवसांत ती काय काय शिकली! घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट कपाळासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. खाऊ द्यायचा तो सपाट तळहातावर, बोटं जुळवून. गाजराच्या गोल चकत्या करायच्या नाहीत, घशात अडकतात. उभे लांब तुकडे करायचे. आणि घोडेवाल्याला विचारल्याखेरीज काहीच द्यायचं नाही. घोड्याला उलटी करता येत नाही, भलतं पोटात गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर दगावतंही. पर्यटक वेफर काय देतात, केक काय देतात! मामा हात जोडून नको म्हणतात, तरी देतात.

तिसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, ती काळूवर बसली. शार्लोट तलावाच्या वाटेने पिसरनाथाच्या देवळापर्यंत मामांनी दोरी धरली. तिथून लुईझा पॉइंटकडे जाताना म्हणाले, "ताई, आता तू." समोर प्रबळगडाचा कडा उन्हात तांबूस झाला होता. आम्ही सगळे बघत होतो तो मात्र थोरलीकडे. वाटेत कागदाचा कपटा उडाला, काळू थबकला, अंग थरथरलं. तिने मान थोपटली आणि म्हणाली, "काही नाही रे, कागद आहे." आणि तो चालू लागला.

पण मला सांगायचं आहे ते चौथ्या वर्षीचं. मामा लग्नाला गावी गेले होते. घोडे एका नव्या, अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती होते. सुटीची गर्दी, रांग लागलेली. वन ट्री हिलकडे जायचं ठरलं, सगळे चढून बसले आणि निघालो. पन्नास पावलं गेलो असू, थोरलीने लगाम आवरला आणि खाली उतरली.

"हा लंगडतोय," ती म्हणाली.

मला काही दिसेना. ह्यांनाही दिसेना. तो मुलगा म्हणाला, "नाही हो ताई, त्याची चालच तशी आहे." मागून दुसरे घोडेवाले ओरडायला लागले, वाट अडली म्हणून. हे म्हणाले, "अगं, त्याला कळतं ना तुझ्यापेक्षा? बस." एरवी एवढ्यावर आमची थोरली मुकाट बसली असती. त्या दिवशी बसली नाही. चेहरा लाल, आवाज कापतोय, पण म्हणाली, "डावा पुढचा पाय टेकला की तो डोकं वर करतोय. प्रत्येक वेळेला. मामांनी शिकवलंय मला. पाय उचलून दाखवा."

आणि तसंच होतं. पुढचा पाय दुखत असला की घोडा तो टेकताना डोकं वर उचलतो, भार हलका व्हावा म्हणून. चांगला पाय टेकताना डोकं खाली जातं. त्या मुलाने नाइलाजाने खूर उचलला. नाल आणि तळव्याच्या मधे एक टोकदार खडा घट्ट रुतून बसला होता, आणि नालेचा एक खिळाही ढिला झालेला. तो मुलगा क्षणभर काही बोलला नाही. मग दगडावर बसून हलक्या हाताने खडा काढू लागला.

खडा निघाला तरी काळू त्या दिवशी ओझं वाहणार नव्हता हे उघडच होतं. आता प्रश्न पैशांचा. त्या मुलाचा दिवस बुडणार; सुटीचे मोजके दिवस, त्यावर यांचं पावसाळ्यातलं पोट. पावसाळ्यात डोंगर ओस पडतो, पण घोड्याला चंदी रोजच लागते, दर महिना-दीड महिन्याने नालबंद लागतो. म्हणूनच तर काही जण दुखऱ्या घोड्यालाही खोगीर चढवतात, हे आपण समजून घ्यायला हवं. ह्यांनी न बोलता काळूचे ठरलेले सगळे पैसे दिले आणि त्याला खुंटाला बांधून ठेवायला सांगितलं. थोरली वन ट्री हिलपर्यंत चालत गेली. परतताना नवाबावरून उतरून हे तिच्याबरोबर चालले. दोघांचं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी पुढे होते, आणि राणी वळणावर दोघांची वाट बघत उभी.

तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. बसण्यापूर्वी घोड्याला दहा पावलं चालवून दाखवायला सांगा आणि डोकं वरखाली होतंय का ते बघा. उभा असताना एक मागचा पाय सैल सोडला असेल तर काळजी नको, तो विश्रांती घेतोय. पुढचा पाय पुढे काढून अधांतरी टेकवत असेल तर तो दुखतोय. तंगाखाली, खांद्याच्या वर जखमा नाहीत ना, तेही पाहा. दर आधीच ठरवा, नंतर वाद नको. आणि कुणी कितीही म्हटलं तरी भरधाव सोडू नका. विशेषतः कठीण, गुळगुळीत केलेल्या रस्त्यावर. नाल ठोकलेला खूर तिथे घसरतो. तांबडी माती टापेला धरते. पेव्हर ब्लॉकवरून इथे वाद झाला तेव्हा घोडेवाल्यांचं म्हणणं हेच तर होतं.

कपड्यांचं म्हणाल तर साडी, ओढणी, लोंबता पट्टा काही नको. सैल सलवार किंवा जाड पँट, आणि पायात थोडी टाच असलेले बंद बूट. चप्पल तर नकोच नको. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, सगळं पाऊल आत सारायचं नाही. पडायची वेळ आली तर पाय चटकन सुटला पाहिजे, अडकला तर घोडा फरपटत नेतो. चढाला पुढे झुका, उताराला जरा मागे रेला. कड्यापाशी पोचायच्या बरंच आधी उतरा, घोडा मागे बांधा आणि पायी पुढे जा. डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट मिळालं तर उत्तम. आम्ही मुलांची सायकलची हेल्मेटं नेतो. काही नसण्यापेक्षा ती बरी.

शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळपोळी. पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं टपलेलीच असतात. मागल्या वर्षी ह्यांच्या हातातला चिवड्याचा पुडा गेला, तेव्हा नवाब मजेत बघत होता.

आणि ती तांबडी माती! घरी आल्यावर कपडे ओले करायची घाई करू नका. आधी वाळलेले तसेच गच्चीवर नेऊन झटका, ब्रशने माती पाडा, मग थंड पाण्यात भिजवा. एकदम गरम पाण्यात टाकले तर पांढऱ्या मोज्यांची आशा सोडा. शक्य असेल तर परतल्यावर दुसरा दिवस सुटीचाच ठेवा, कारण मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा सोडवत नाही. सासूबाईंना मात्र काही होत नाही. त्या सकाळी उठून चहा करतात आणि आम्हाला हाका मारतात.